सेनेची फेररचना आणि संसदेचे मौन

भूदलाच्या पूर्व कमांडचे मुख्यालय कोलकात्यास आहे, वायुदलाच्या पूर्व कमांडचे शिलाँगला आणि नौदलाच्या पूर्व कमांडचे विशाखापट्टणम येथे. उत्तर प्रदेशाकडे वळावे तर भूदलाची मध्य कमांड लखनौस आणि वायुदलाची प्रयागराजला. भूदलाच्या सात, वायुदलाच्या सात आणि नौदलाच्या तीन अशा सतरा कमांडांत आपले सैन्य विभागले गेले. यांतील एकीची हद्द दुसरीच्या हद्दीशी जुळेल तर शपथ! प्रत्येक दलाने आपल्या सोयीने आणि आपल्या इतिहासाने ही मांडणी केली. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तिन्ही दलांचे छात्र तीन वर्षे एका पंगतीस बसतात, एका मैदानावर कवायत करतात. परंतु तेथून बाहेर पडले की रचनाच त्यांस तीन वाटांनी नेते आणि त्या वाटा पुन्हा एकत्र येतात त्या बहुधा दिल्लीच्या साउथ ब्लॉकमध्येच, तेही केस पिकल्यावर.

या सतरा कमांडांची फेरजुळणी करून पाकिस्तानच्या सीमेसाठी एक, चीनच्या सीमेसाठी एक आणि सागरासाठी एक अशा संयुक्त कमांड उभाराव्यात, प्रत्येकीवर एकच सेनापती असावा व तिन्ही दलांचे त्या क्षेत्रातील सैन्य त्याच्या हाताखाली असावे, अशी योजना २०२० पासून चर्चेत आहे. ‘थिएटर कमांड’ हे तिचे इंग्रजी नाव मराठी वृत्तपत्रांतही आता रुळले आहे. तिच्या लष्करी गुणदोषांची चर्चा निवृत्त सेनानी हिरिरीने करीत असतात आणि ती त्यांनी करावीच. तिन्ही दलांनी एकोप्याने लढावे याविषयी कोणाचेही दुमत असण्याचे कारण नाही. मात्र या साऱ्या चर्चेत एक प्रश्न क्वचितच ऐकू येतो. या नव्या सेनापतीस हुकूम कोण देणार, आणि तो हुकूम चुकला तर लोकसभेत उभे राहून जबाब कोण देणार?

संविधानाच्या ५३ व्या कलमाने संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे सोपविले आहे. ते सोपविताना या अधिपत्याचा वापर कायद्याने नियमित व्हावा असेही त्या कलमात म्हटले आहे. भूदल व वायुदल यांचे १९५० चे कायदे आणि नौदलाचा १९५७ चा कायदा आपल्याकडे आहेत. परंतु ते मुख्यतः नोकरीच्या अटी, शिस्त आणि लष्करी न्यायालये यांच्यापुरते आहेत. संरक्षण मंत्रालयाची अंतर्गत रचना, सल्ला कोणी द्यावा, आदेश कोणत्या वाटेने खाली जावा, हे सारे उभे आहे ते १९६१ च्या कार्यवाटप नियमावलीवर. ही नियमावली सरकार आपल्या अखत्यारीत बदलू शकते; त्यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही, मतदान तर दूरच.

या नियमावलीनुसार संरक्षण मंत्रालयाचे आज पाच विभाग आहेत. चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षण उत्पादनाचा विभाग जन्मास आला, १९८० साली संशोधनाचा आणि २००४ साली माजी सैनिक कल्याणाचा. पाचवा, लष्करी व्यवहार विभाग, हा सर्वांत नवा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी संरक्षण दल प्रमुख या पदाची घोषणा केली आणि १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत त्या पदावर रुजू झाले. या एका व्यक्तीकडे तीन कामे आली. संरक्षणमंत्र्यांचा तिन्ही दलांविषयीचा प्रधान लष्करी सल्लागार तोच, तिन्ही दलप्रमुखांच्या समितीचा कायम अध्यक्ष तोच आणि नव्या लष्करी व्यवहार विभागाचा सचिवही तोच.

नियमावलीतील वाटणी मोठी पाहण्यासारखी आहे. भारताच्या व त्याच्या प्रत्येक भागाच्या संरक्षणाचा विषय पूर्वीच्याच संरक्षण विभागाकडे, म्हणजे सनदी सेवेतील संरक्षणसचिवाकडे राहिला. भूदल, नौदल आणि वायुदल ही दले मात्र लष्करी व्यवहार विभागाकडे गेली. देशाचे रक्षण एका सचिवाकडे आणि रक्षण करणारी दले दुसऱ्या सचिवाकडे! कारकुनी काव्याचा हा नमुना हसून सोडून देता आला असता. पण युद्धप्रसंगी काही उणे पडले तर हे दोन सचिव एकमेकांकडे बोट दाखविण्यास मोकळे आहेत, आणि मंत्री दोघांकडे.

सल्ला देणारा आणि कारभार पाहणारा एकच असावा काय, हा वाद या देशाला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तो व्हाइसरॉयच्या दालनात झाला होता. त्या काळी सरसेनापती सैन्याचे नेतृत्व करी आणि व्हाइसरॉयच्या मंडळातील लष्करी सभासद पुरवठा, वाहतूक व खर्च पाही. सरसेनापतीच्या मागणीवर या सभासदाचा स्वतंत्र अभिप्राय मंडळापुढे येत असे. लॉर्ड किचनेर १९०२ च्या अखेरीस सरसेनापती म्हणून आला आणि एका म्यानात दोन तलवारी नकोत म्हणून त्याने हे पद मोडावयास काढले. कर्झनने विरोध केला. लष्करासंबंधी एकाच माणसाचे मत सरकारपुढे येऊ लागले तर सरकारला निर्णयच उरणार नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. वंगभंग करणारा हा व्हाइसरॉय लोकशाहीचा कैवारी खासच नव्हता. त्याला आपली सत्ता राखावयाची होती. परंतु मुद्दा त्याचा खरा होता. विलायत सरकारने किचनेरची बाजू उचलून धरली, ऑगस्ट १९०५ मध्ये कर्झनने राजीनामा दिला आणि १९०९ पर्यंत लष्करी सभासदाचे उरलेसुरले खातेही नाहीसे झाले.

या फेररचनेची किंमत कोणी मोजली? नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थान सरकारने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सैन्य उतरविले. त्यात अग्रभागी होती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी होत्या. सरसेनापती सर बोशँप डफ हजारो मैलांवरून, सिमला-दिल्लीच्या कचेरीतून कारभार पाहत होता. सेनापतीही तोच आणि लष्करी खात्याचा सभासदही तोच, त्यामुळे त्याच्या हिशेबाला हरकत घेणारा दुसरा कोणी मंडळात उरला नव्हता. नदीत चालतील अशा बोटी पुरेशा नव्हत्या, औषधे नव्हती. जखमींना स्प्रिंग नसलेल्या मालवाहू गाड्यांत घालून नदीपर्यंत आणीत आणि उघड्या बार्जवर कोंबून बसऱ्यास धाडीत. बसऱ्यास पोहोचलेल्या जखमींची दशा लिहून कळविणाऱ्या डॉक्टर अधिकाऱ्यास वरिष्ठांनी धमकाविले. कुत येथे जवळजवळ पाच महिने वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले. सुमारे तेरा हजार सैनिक व अनुचर तुर्कांचे कैदी झाले आणि त्यांतील कित्येक हजार परतले नाहीत.

ब्रिटिश पार्लमेंटने त्यावर कायदा करून चौकशी आयोग नेमला. १९१७ च्या त्याच्या अहवालाने व्यक्तींवर ठपका ठेवलाच. पण सेनापतीचे आणि लष्करी सभासदाचे अशी दोन्ही कामे युद्धकाळी एका माणसास झेपणारी नाहीत, असेही स्पष्ट नमूद केले. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. लक्षात घ्यावयाचे ते हे, की साम्राज्यवादी पार्लमेंटनेही आपल्या पराभवाची चौकशी छापून जगापुढे ठेवली आणि मंत्र्याने पद सोडले.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यकर्त्यांनी सरसेनापतीचे पद मोडले ते काही उगीच नव्हे. तिन्ही दलांना समान स्थान मिळाले. १९५५ च्या कायद्याने दलांच्या ‘कमांडर-इन-चीफ’ना ‘चीफ ऑफ स्टाफ’ म्हणजे दलप्रमुख हे नाव मिळाले. इंग्रजी सरसेनापतीचा दिल्लीतील प्रासाद पंतप्रधान नेहरूंचे निवासस्थान झाला आणि तीन मूर्ती भवन म्हणून ओळखला जाऊ लागला. सैन्यावर लोकप्रतिनिधींची हुकमत राहील याची खूण त्या घरबदलात होती. शेजारच्या पाकिस्तानात १९५८ पासून जे घडत आले ते पाहता त्या पिढीची सावधगिरी अनाठायी होती असे कोणी म्हणणार नाही.

मात्र या व्यवस्थेस एक रोग जडला. लोकप्रतिनिधींचे नियंत्रण म्हणता म्हणता ते सचिवालयाचे नियंत्रण झाले. दलप्रमुखांची कचेरी ही मंत्रालयाची ‘संलग्न कचेरी’ ठरली. तिची फाइल मंत्रालयात गेली की तेथील खालच्या पायरीपासून पुन्हा चढू लागे. जे लष्करी मुख्यालयात तपासले तेच पुन्हा तपासले जाई. वर्षानुवर्षे तोफा आणि बूट दोन्ही या जिन्यात अडकून पडत. कारगिलनंतर या कचेऱ्यांस ‘संरक्षण मंत्रालयाचे एकात्मिक मुख्यालय’ असे भारदस्त नाव मिळाले. पाटी बदलली, जिना तोच राहिला. सेनाधिकाऱ्यांची यासंबंधीची तक्रार रास्त होती आणि २०२० च्या बदलाचे समर्थन करणारे तिच्याकडे बोट दाखवितात ते योग्यच आहे. नोकरशाहीची हुकमत म्हणजे लोकशाहीची हुकमत नव्हे. पण म्हणून एका सचिवाच्या जागी गणवेशातील दुसरा सचिव बसविला की लोकशाहीची हुकमत आली, असेही होत नाही.

राजकीय नेतृत्व आपले काम करील तर रचनेतील उणिवाही बऱ्याच अंशी भरून निघतात. १९५९ साली जनरल थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी न पटल्याने राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला. तेव्हापासून मंत्री व सेनापती यांच्यातील विश्वास जो आटला, त्याचा परिणाम १९६२ च्या शरदात दिसला. त्यानंतर दिल्लीस गेलेल्या यशवंतराव चव्हाणांनी कोणतीही नवी पदे निर्माण न करता एक साधी प्रथा पाडली. रोज सकाळी तिन्ही दलप्रमुख व प्रमुख अधिकारी यांच्यासह ते बसत आणि ज्याचे त्याचे म्हणणे समोरासमोर ऐकून घेत. एकाच सल्लागाराच्या तोंडून छापील मत ऐकण्यात आणि तिघांचे मतभेद स्वतः ऐकून निर्णय घेण्यात जो फरक आहे तो या बैठकांत होता. अर्थात चव्हाणांच्या कारकिर्दीतील एक गोष्ट आम्हांस आजही पटत नाही. पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स व भगत यांचा अहवाल त्यांच्याकडे आला. सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी त्याचे सार तेवढे संसदेस सांगितले. अहवाल गुप्त ठेवला गेला. त्यानंतर सर्व पक्षांची सरकारे आली, जनता पक्षाचेही आले, परंतु कोणीही तो अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही. त्या मानाने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल समितीचा अहवाल, काही भाग गाळून का होईना, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला, हे वाजपेयी सरकारच्या खात्यावर जमा केले पाहिजे. त्यापाठोपाठ २००१ मध्ये मंत्रिगटाने संरक्षण दल प्रमुख हे पद सुचविले, अंदमान-निकोबारची पहिली संयुक्त कमांड उभी राहिली. पदावर माणूस नेमण्यास मात्र आणखी अठरा वर्षे लागली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे पद निर्माण करताना सरकारने एक ग्वाही दिली होती. संरक्षण दल प्रमुख कोणत्याही सैन्यावर, तिन्ही दलप्रमुखांवरही, हुकमत चालविणार नाही. कारण त्याचा सल्ला निःपक्षपाती राहिला पाहिजे. तत्त्व उत्तम आहे. पण संयुक्त कमांड उभ्या राहिल्या की त्यांचे सेनापती कोणाच्या आज्ञेत राहणार? संरक्षण दल प्रमुखाच्या, असे उत्तर असेल तर ती ग्वाही संपली. प्रधान सल्लागार, सचिव आणि युद्ध चालविणारा सेनापती, तिघेही एकाच गणवेशात. किचनेरलादेखील इतके मिळाले नव्हते, निदान कागदावर. थेट संरक्षणमंत्र्यांच्या आज्ञेत, असे उत्तर असेल तर तीन सेनापतींना रोजचे आदेश देण्याजोगी यंत्रणा मंत्र्यापाशी हवी. ती कोठे आहे? आणि दलप्रमुखांकडे केवळ भरती, शिक्षण व सामग्री एवढेच उरणार असेल, तर त्यांनी मंत्र्याकडे स्वतंत्रपणे जाऊन भिन्न मत मांडण्याचा हक्क राहणार की नाही?

हे भिन्न मत काही काल्पनिक नाही. जुलै २०२१ मध्ये जनरल रावत यांनी वायुदलाची गणना तोफखाना, अभियंते यांच्याप्रमाणे साहाय्यकारी अंगात केली आणि वायुदलप्रमुख भदौरिया यांनी त्याच दिवशी ते जाहीरपणे खोडून काढले. लढाऊ विमानांची संख्या मर्यादित असता ती तीन क्षेत्रांत कायमची वाटून टाकावीत काय, हा वायुदलाचा प्रश्न हट्टाचा नसून हिशेबाचा आहे. वर्तमानपत्रांतून अशी चकमक झडावी हे शोभणारे नव्हते, पण नागरिकांस हा मतभेद कळला तो त्यामुळेच. मंत्र्यापुढे एकच मुख उरले तर असे मतभेद मंत्र्यासही कळतील की नाही याची शंका आहे.

या योजनेचे पुरस्कर्ते अमेरिकेचा दाखला देतात. अमेरिकेचा दाखला देताना आमची मान सहजासहजी लवत नाही, परंतु दिला आहे तर पुरता द्यावा. तेथील संयुक्त कमांडांची रचना १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याने पक्की झाली. तिन्ही दलांच्या वरिष्ठांचा विरोध असताना लोकप्रतिनिधींच्या समित्यांनी वर्षानुवर्षे उघड साक्षी घेतल्या, विधेयक सिद्ध केले आणि सिनेटने ते एकही विरोधी मत न पडता मंजूर केले. राष्ट्राध्यक्षाकडून संरक्षणमंत्र्याकडे व तेथून थेट क्षेत्रीय सेनापतीकडे अशी आज्ञेची वाट आखली गेली आणि संयुक्त दलप्रमुखांचा अध्यक्ष या साखळीबाहेर, केवळ सल्लागार म्हणून ठेवला गेला. दुसऱ्याची रचना उचलावयाची आणि तिची कायद्याची चौकट तेवढी मागे ठेवावयाची, हा शहाणपणा नव्हे.

आपल्या संसदेने २०२३ मध्ये एक कायदा केला हे खरे. संयुक्त संघटनेच्या प्रमुखास तिन्ही दलांतील आपल्या हाताखालच्यांवर शिस्तीची कारवाई करता यावी, एवढा त्याचा विषय. मे २०२४ पासून तो अमलात आला. गरजेचा होता. पण अशा संघटना स्थापन करण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारलाच देऊन टाकला आहे. उद्या देशाच्या सैन्याची सारी मांडणी बदलावयाची झाली तरी राजपत्रातील अधिसूचना पुरेशी ठरेल.

अधिसूचनेच्या राज्यात काय होते याचा अनुभवही आपण घेतला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जनरल रावत हेलिकॉप्टरच्या अपघातात दिवंगत झाले. अत्यावश्यक म्हणून निर्माण केलेले हे पद त्यानंतर नऊ महिन्यांहून अधिक काळ रिकामे राहिले. त्याच अवधीत, जून २०२२ मध्ये, दोन गोष्टी झाल्या. बासष्ट वर्षांखालील निवृत्त लेफ्टनंट जनरल व त्या दर्जाचे अधिकारीही या पदास पात्र ठरतील असा नियमबदल झाला. म्हणजे निवृत्तीकडे आलेल्या अधिकाऱ्यांनी सरकारच्या मर्जीकडे डोळे लावून बसावे अशी सोय झाली. आणि जवानांच्या भरतीची पद्धत मुळापासून बदलणारी ‘अग्निपथ’ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर फार तर चौथा हिस्सा कायम. सातारा-सांगलीकडील ज्या घरांतून पिढ्यान्पिढ्या मुलगे पलटणीत जात आले त्यांच्या आयुष्याचा हा प्रश्न; संसदेत त्यासाठी विधेयक आले नाही आणि सरकारचा प्रधान लष्करी सल्लागार त्या वेळी अस्तित्वातच नव्हता.

आयुध निर्माण्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ठरविले आणि १ ऑक्टोबरपासून देशातील ४१ निर्माण्यांचे सात कंपन्यांत रूपांतर झाले. यांतील दहा महाराष्ट्रात आहेत, खडकी-देहूरोडपासून अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, अंबाझरी, भंडारा आणि भद्रावतीपर्यंत. कामगारांनी संपाची हाक देताच सरकारने संपबंदीचा वटहुकूम काढला व ऑगस्टमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर केले. संसदेची आठवण झाली ती तेवढ्यापुरती! २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखी पडले. पूर्वी निर्माणी मंडळ हे खात्याचेच अंग होते. आता मध्ये कंपनी आहे, कंपनीचे संचालक मंडळ आहे, त्यावर उत्पादन विभाग आहे. जबाब देणाऱ्याची खुर्ची आणखी दोन पायऱ्या दूर गेली.

गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलत आणि लष्करी खर्चाची चिरफाड करीत. त्यांना बोलण्याची मुभा होती, मताचा अधिकार नव्हता. आज लोकसभेच्या सभासदांना मताचा अधिकार आहे. २०२५-२६ साठी संरक्षण मंत्रालयाकरिता ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यांपैकी सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. एवढ्या रकमेवर सभागृहात किती तास खर्ची पडतात? २०१८ आणि २०२३ या दोन वर्षी तर सर्वच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एका दमात मंजूर झाल्या. याचा दोष केवळ सत्तारूढ पक्षाचा नाही. सैन्याचे नाव निघाले की प्रश्न विचारणे म्हणजे देशद्रोह, या भयाने विरोधी बाकेही अनेकदा मूक राहिली आहेत. नाथ पै, मधु लिमये यांच्या काळात संरक्षणाच्या मागण्यांवर जे वादळ उठे, त्याने जवानाचे मनोधैर्य खचले असे कधी ऐकिवात आले नाही.

संयुक्त कमांडांची अंतिम अधिसूचना काढण्याआधी सरकारने संविधानाच्या ५३ व्या कलमास अनुसरून विधेयक आणावे, अशी आमची मागणी आहे. पंतप्रधान व संरक्षणमंत्री यांच्यापासून क्षेत्रीय सेनापतीपर्यंतची आज्ञेची वाट त्यात शब्दांत लिहिलेली असावी. प्रधान लष्करी सल्लागार आणि लष्करी व्यवहार विभागाचा सचिव या दोन जागा दोन व्यक्तींकडे असाव्यात, सल्लागाराची मुदत निश्चित असावी आणि भिन्न मत असल्यास ते लेखी स्वरूपात मंत्र्याकडे पाठविण्याचा प्रत्येक दलप्रमुखाचा हक्क अबाधित राहावा. देशाच्या संरक्षणाचा विषय आणि संरक्षण दले यांची दोन सचिवांतील वाटणीही याच वेळी निकालात काढावी. विधेयक संरक्षणविषयक स्थायी समितीकडे जावे. समितीने गुप्त राखावयाचे ते गुप्त राखून उरलेल्या साक्षी छापाव्यात आणि त्या साक्षींसाठी तिन्ही दलांच्या निवृत्त अधिकाऱ्यांबरोबरच निर्माण्यांतील कामगार संघटनांच्या प्रतिनिधींनाही बोलवावे. महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या खासदारांनी, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, येत्या अधिवेशनात हा विषय उपस्थित करावा.